अंदमानात मित्रांसोबत सहा दिवस: काय ठेवावं, काय गाळावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकचे सहा मित्रमैत्रिणी, सगळे तिशीच्या आसपासचे, जानेवारीत सहा दिवसांसाठी अंदमानला निघालेत. दोघांना पोहता येत नाही. एका मैत्रिणीला चष्मा आहे आणि पाण्याची भीतीही. एकाला लहानपणी दमा होता. एकाला स्कुबाचं सर्टिफिकेटच करून यायचंय. एजंटने पाठवलेल्या कार्यक्रमात स्कुबा, सी-वॉक, स्नॉर्केलिंग, जेट-स्की, पॅरासेलिंग, बाराटांगच्या गुहा, आणि रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, नील ही बेटं-किनारे असं सगळंच कोंबलंय. यातलं काय ठेवायचं, काय काढायचं आणि कुठल्या क्रमाने करायचं?

मी हॅवलॉकला डाइव्ह इन्स्ट्रक्टर म्हणून बरीच वर्षं काम केलंय आणि महाराष्ट्रातून आलेले असे ग्रुप मला नेहमी भेटतात. म्हणून सरळ सांगतो: ही यादी निम्मी करा. निम्मी केल्यावर उरेल ते नीट होईल. आणि सहाही जणांनी प्रत्येक गोष्ट एकत्रच केली पाहिजे हा हट्ट सोडा. सहलीतली निम्मी भांडणं आणि पाण्यातले बरेचसे घोळ त्या हट्टातूनच होतात.

एजंटच्या कागदावर न दिसणारी पहिली गोष्ट म्हणजे उजेड. अंदमान नाशिकच्या कितीतरी पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. जानेवारीत तिथं सूर्य सव्वापाचच्या सुमाराला मावळतो, नाशिकपेक्षा तासभर आधी. उजाडतंही लवकर, पावणेसहाच्या आसपास. त्यामुळे सगळा दिवसच पुढे सरकलेला असतो. डाइव्हच्या बोटी सकाळी सुटतात, छोट्या बोटींच्या फेऱ्या दुपारी तीनच्या आसपास आटोपतात, साडेपाचला काळोख पडतो. सुट्टीवर आहोत म्हणून नऊला उठून, दहाला नाश्ता करून अकराला बाहेर पडणाऱ्या ग्रुपला अंदमान अर्धंच दिसतं. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघायला पाच वाजता रिक्षातून उतरून पळत सुटलेली माणसं मी रोज बघतो. तिथं साडेतीनपर्यंत पोचा. पोहा, वाळूत लोळा, मग निवांत बसून सूर्यास्त बघा. टाइम मासिकाने २००४ साली या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम म्हटलं, तेव्हापासून गर्दी वाढली खरी, पण किनारा लांबच लांब आहे. प्रवेशद्वारापासून उजवीकडे किंवा डावीकडे दहा मिनिटं चाललात की गर्दी मागे राहते.

दुसरी गोष्ट बोटींची. पोर्ट ब्लेअरहून (कागदोपत्री आता श्री विजयपुरम) हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, खाजगी कॅटामरान, म्हणजे वेगवान बोट, दीड ते दोन तासांत पोचवते. सरकारी बोट स्वस्त असते, वेळ जास्त घेते, पण तिच्या डेकवर उभं राहता येतं. कॅटामरान बंद आणि वातानुकूलित असते, त्यामुळे समुद्र थोडा जरी उचलला तरी आत उलट्यांची साथ येते. बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी बोटीत चढण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी, मागच्या बाजूला मधोमध बसावं आणि मोबाइल खिशात ठेवावा. जानेवारीत समुद्र सहसा शांत असतो. तरीही हवामान बिघडलं की फेऱ्या रद्द होतात आणि तेव्हा कुणाचीही ओळख कामाला येत नाही. म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची. सकाळच्या फेरीने येऊन दुपारचं विमान गाठण्याचा बेत एजंटने आखला असेल तर तो बदलून घ्या.

आता स्कुबा. तुम्ही खरे त्यासाठी येताय, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

पोहता न येणाऱ्यांना स्कुबा करता येतं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पहिल्या ओळखीच्या बुडीसाठी, जिला सगळे ‘डिस्कव्हर’ किंवा ‘ट्राय डाइव्ह’ म्हणतात, पोहणं यावंच लागत नाही. इन्स्ट्रक्टर तुमच्या टाकीला धरून सोबत असतो. तुमची उंची-खोली, जॅकेटमधली हवा, दिशा, सगळं तोच सांभाळतो. तुम्ही फक्त तोंडाने श्वास घ्यायचा आणि कान मोकळे करत राहायचे. या डाइव्हची कमाल मर्यादा १२ मीटर असते आणि हॅवलॉकच्या नीमो रीफसारख्या ठिकाणी नवख्यांना त्याहूनही उथळ पाण्यात नेतात. एकाच गोष्टीवर अडून बसा: एका नवख्यामागे एक इन्स्ट्रक्टर. ‘दोघांत एक चालतो हो’ असं कुणी म्हणालं तर दुसरं दुकान गाठा. हॅवलॉकला डाइव्ह शॉप भरपूर आहेत.

खरा निकाल लागतो तो कमरेएवढ्या पाण्यातल्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत. चांगला इन्स्ट्रक्टर तिथं घाई करत नाही. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारा तुकडा, तोंडात धरून तुम्ही गुडघ्यावर बसता, डोकं पाण्याखाली जातं, आणि मेंदू ओरडतो की श्वास घेऊ नकोस. तो ओरडा शांत होईपर्यंत तिथंच बसायचं. मास्कमध्ये पाणी शिरलं तर वरची कड कपाळाशी दाबून नाकाने फुंकायचं, की पाणी खालून निघून जातं. हे तिथंच दोनतीनदा करून घ्या. पुरुषांना एक सूचना: दाट मिशी असेल तर मास्क नाकाखाली गळतो. मी कुणाला मिशी काढ म्हणत नाही, पण नाकाखालची बारीकशी रेघ तासून घेतली किंवा तिथं थोडं व्हॅसलीन लावलं तर डाइव्हभर खारट पाणी नाकात घेत बसावं लागत नाही.

खाली जाताना कान दुखणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार. दहा मीटरवर पाण्याचा दाब वरच्या हवेच्या दाबाच्या दुप्पट होतो, आणि त्यातला सर्वांत मोठा फरक पहिल्या काही मीटरांतच जाणवतो. म्हणून नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कानात ‘टुक’ झालं की पुढे. हे दुखायच्या आधी करायचं, दुखल्यावर नाही, आणि दर हातभर उतरताना करायचं. नाही मोकळा झाला कान, तर हात आडवा हलवून दाखवा. इन्स्ट्रक्टर तुम्हाला मीटरभर वर घेईल, पुन्हा प्रयत्न होईल. जोर लावून फुंकू नका. सर्दी असेल तर डाइव्ह नाही, मग पैसे भरलेले असोत की नसोत. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचा शहाणपणा करू नका, कारण गोळीचा असर मध्येच ओसरला तर वर येताना कान अडकतो.

दुसरा नियम सगळ्या नियमांचा बाप आहे: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर छाती भरून हवा घेतली आणि श्वास कोंडून वर आलात, तर ती हवा वर येईतो दुप्पट जागा मागते. फुप्फुस तेवढं ताणत नाही. श्वास सुरू ठेवला की हा प्रश्नच उरत नाही.

आणि खुणा. अंगठा वर करणं म्हणजे पाण्याखाली ‘मस्त!’ नव्हे, ‘मला वर न्या’. दर आठवड्याला कुणीतरी रंगीत मासे बघून खूश होऊन अंगठा दाखवतं आणि इन्स्ट्रक्टर मुकाट्याने त्याला वर घेऊन येतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. बोटीवर चढण्याआधी सहाही जणांनी एकमेकांना या खुणा करून दाखवा, हसत हसत पक्क्या होतात.

खाली काय दिसतं? कॅमेऱ्यात दिसतं तेवढं भडक नाही, कारण पाणी सर्वांत आधी तांबडा रंग खाऊन टाकतं आणि पाच-सात मीटरवर सगळ्यावर निळसर छटा येते. पण कान उघडे ठेवा. प्रवाळाच्या आसपास सतत तडतड ऐकू येते, तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखी. ते बारीक कोळंबीचे आवाज. मध्येच ‘कट्’ असा आवाज आला तर जवळपास पोपटमासा प्रवाळ कुरतडतोय समजा. तो प्रवाळ चावून त्याची भुकटी मागून सोडतो आणि उष्ण कटिबंधातल्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग असा माशाच्या पोटातून आलेला असतो. समुद्रफुलात, म्हणजे त्या हलणाऱ्या बोटांच्या झुपक्यात, राहणारा क्लाउनफिश तुमच्या मास्कवर चाल करून येईल. आकाराने बोटाएवढा आणि रुबाब कोतवालाचा. हात मात्र कशालाही लावू नका. सिंहमासा आणि दगडमासा दोन्ही तिथं आहेत, आणि दगडमासा दगडासारखाच दिसतो.

तुमच्यातल्या दमेकरी मित्राविषयी. डाइव्हच्या आधी आरोग्याचा फॉर्म भरायला देतात आणि आपली मंडळी सगळीकडे ‘नाही’वर टिक मारून मोकळी होतात. तसं करू नका. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, मधुमेहाचं इन्सुलिन, यातलं काहीही असेल तर नाशिकमध्येच त्या त्या डॉक्टरांना दाखवून लेखी परवानगी घ्या आणि कागद सोबत आणा. गर्भारपणात मात्र डाइव्ह नाहीच. लहानपणचा दमा पूर्ण गेला असेल तर बहुतेकदा परवानगी मिळते. नाही मिळाली तर त्याने खुशाल स्नॉर्केलिंग करावं. हॅवलॉकला ‘होकार’ विकत देणारा कुणी भेटला तरी घेऊ नका.

सर्टिफिकेटवाल्याने मात्र आजच विचार करावा. ओपन वॉटर कोर्सला तीन ते चार दिवस लागतात आणि त्याने १८ मीटरपर्यंत डाइव्ह करण्याची पात्रता मिळते. यासाठी पोहणं यावंच लागतं, ठरावीक अंतर पोहून आणि पाण्यात तरंगून दाखवावं लागतं. सहा दिवसांच्या सहलीत हा कोर्स करायचा तर थिअरी नाशिकहूनच ऑनलाइन संपवून या. नाहीतर हॅवलॉकची एक दुपार तुम्ही खोलीत व्हिडिओ बघत घालवाल आणि बाकीचे पाच जण किनाऱ्यावर असतील. तरीही त्याचे हॅवलॉकमधले तिन्ही दिवस बहुतेक पाण्यातच जातील, हे ग्रुपने आधीच मान्य करून टाका.

विमान आणि डाइव्ह यांच्यातलं अंतर कुणालाच माहीत नसतं. पाण्याखाली शरीरात जास्तीचा नायट्रोजन मुरतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. एक उथळ डाइव्ह केलीत तर विमानापूर्वी किमान १२ तास, एकापेक्षा जास्त केल्या तर १८ तास जाऊ द्यायचे. मी सगळ्यांना सरसकट पूर्ण दिवस सांगतो, हिशोबच नको. म्हणजे स्कुबा सहलीच्या पहिल्या निम्म्यात, शेवटच्या दिवशी कधीही नाही. आणि आदल्या रात्रीची पार्टी डाइव्हनंतरच्या रात्री ढकला. दारू उतरली तरी अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, बोट हलायला लागली की त्याचा हिशोब चुकता होतो.

पाण्याची भीती आणि चष्मा असलेल्या मैत्रिणीसाठी सी-वॉक हा खराच चांगला पर्याय आहे. मोठं हेल्मेट खांद्यावर बसवतात, त्यात वरून हवा सोडलेली असते, डोकं कोरडं राहतं आणि चष्माही चढवता येतो. शिडीने सहा-सात मीटर उतरून तळावर चालायचं. दाब तोच असतो, त्यामुळे कान इथंही मोकळे करावे लागतात. हेल्मेटच्या आत हात घालून नाक धरता येतं. डाइव्हचा डौल त्यात नाही, पण घाबरलेल्या माणसाला श्वासाची चिंता राहत नाही, ही मोठी गोष्ट आहे. दुसरा मार्ग म्हणजे नंबरचा मास्क. बऱ्याच डाइव्ह शॉपकडे नंबरच्या काचा असतात, बुकिंग करताना नंबर कळवून ठेवा. कुठल्याही परिस्थितीत तिला ‘अगं, चल गं, आम्ही आहोत ना’ म्हणून ओढू नका. पाण्याखाली तुम्ही नसता. तिथं ती आणि इन्स्ट्रक्टर दोघंच असतात.

हॅवलॉकचा एलिफंट बीच बहुतेक सगळे बोटीने करतात. बोटीच्या पैशांत थोडा वेळ स्नॉर्केलिंगही मिळतं: तुम्हाला ट्यूबला धरायला लावून एक माणूस ओढत फिरवतो. पोहता न येणाऱ्यांना तेवढंही पुष्कळ वाटतं. माझी शिफारस अशी की जाताना राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातली पायवाट धरा. दोन किलोमीटरच्या आत-बाहेरची वाट आहे, आधी घनदाट झाडी, मग खाजण, मग एकदम समुद्र. पाऊस झाला असेल तर चिखल घोट्यापर्यंत येतो, चपला हातात घ्याव्या लागतात. किनाऱ्यावर मोठमोठे वाळलेले बुंधे आडवे पडलेले दिसतील, २००४ च्या त्सुनामीने या किनाऱ्याचं रूपच पालटलं. एके काळी इथं लाकूड ओढायला हत्ती होते आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर ते पोहत जात. त्यांतला शेवटचा पोहणारा हत्ती, राजन, २०१६ साली गेला.

जेट-स्कीवर पुढे चालक बसतो, तुम्ही मागे, एक चक्कर मारून पाच मिनिटांत परत. पैसे वाचवा. पॅरासेलिंग हौसेने करायचं असेल तर करा, पण त्यासाठी अंदमान लागत नाही, ते तारकर्लीला आणि गोव्यालाही होतं. बनाना राइडचंही तेच.

त्यापेक्षा एक रात्र कयाकसाठी ठेवा. हॅवलॉकच्या खाजणात अंधार पडल्यावर वल्हं मारलं की पाणी निळसर चमकतं. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना धक्का लागला की ते क्षणभर उजेड देतात, त्याचा हा खेळ. पण चांदणं असेल तर काहीच दिसत नाही. म्हणून तारखा ठरवताना कालनिर्णय उघडा आणि अमावस्येच्या आसपासचे दिवस धरा. पौर्णिमेच्या आठवड्यात कुणी हे विकत असेल तर नाही म्हणा, आणि त्याऐवजी त्याच खाजणात पहाटेची कयाक फेरी करा. तेव्हा खंड्या दिसतो.

पंचांगाचं आणखी एक काम आहे. नीलचा, म्हणजे शहीद द्वीपचा, नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच बघता येतो. भरतीला तिथपर्यंत पोचताच येत नाही, आणि ओहोटीला वाटेत खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, तारामासे सापडतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी सगळ्यात लांब ओसरतं. कोकणातलं गाव असलेले मित्र सोबत असतील तर ते तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढून दाखवतील. ते गणित मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचं आहे, अंदमानात वेळ वेगळी पडते. पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा किंवा हॉटेलवाल्याला विचारा, त्याला तोंडपाठ असतो. पायात रबरी तळाचे बूट घाला, खडक धारदार आहेत.

सेल्युलर जेलला अर्धी दुपार द्या, तास नाही. बांधकाम १८९६ ते १९०६. मधल्या मनोऱ्यातून सात बाहू फुटत, आज त्यातले तीन उभे आहेत. प्रत्येक बाहूचा दर्शनी भाग पुढच्या बाहूच्या पाठीकडे, म्हणजे कोठडीतल्या माणसाला समोर दुसरा माणूस दिसूच नये अशी रचना. मनोऱ्याच्या गच्चीवर उभं राहिलं की ही चलाखी एका नजरेत कळते, म्हणून आधी वर जा आणि मग कोठड्या बघा. तुम्ही नाशिकचे, तेव्हा भगूर तुमच्या घराजवळच. सावरकर बंधूंपैकी बाबाराव आधी इथं आले, विनायकराव १९११ च्या जुलैत, आणि एकाच तुरुंगात असून दोघांची भेट दीर्घ काळ होऊ दिली नव्हती. आपली मंडळी सावरकरांच्या कोठडीत फोटो काढून परत फिरतात. तसं न करता मनोऱ्यातल्या नावांच्या पाट्या वाचा: बंगाल आणि पंजाबची नावं किती आहेत ते दिसेल. खालच्या छपरीत कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, आहे, तोही बघा. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला ठरलेलं खोबरेल तेल काढून घेत. संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आधी काढून ठेवा, जानेवारीत ती संपतात.

रॉस, आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हे पोर्ट ब्लेअरच्या समोरच आहे. इंग्रजांची जुनी राजधानी, आता भिंती वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी कवटाळलेल्या आणि हरणं मोकळी फिरतात. दीड-दोन तास पुरतात, सकाळी पहिल्या बोटीने जा. नॉर्थ बे गाळा. जुन्या वीसच्या नोटेवरचं चित्र या बाजूचं, म्हणून सगळे जातात. पण तिथले सगळे खेळ हॅवलॉकला जास्त स्वच्छ पाण्यात होतात.

बाराटांगबद्दल माझं मत कडक आहे. सहा दिवसांत तिथं जाऊ नका. पहाटे तीन-चारला निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यात लागायचं, जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जायचं, मग बोट, मग चुनखडीच्या गुहा, आणि तसंच परत. गुहा वाईट नाहीत, खाजणातून होणारी बोटीची फेरी तर सुंदर आहे. पण ताफ्यातल्या गाड्यांमध्ये चर्चा गुहांची नसते, ‘जारवा दिसले का?’ याचीच असते. गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला देणं हे सगळं कायद्याने गुन्हा आहे, १९५६ चा कायदा आहे आणि पुढे शिक्षा वाढवली. काही शे माणसांची जमात आहे ती. त्यांना बघायला निघालेल्या रांगेत तुमची गाडी नसलेली बरी.

तर क्रम असा लावा. पहिल्या दिवशी दुपारी विमान उतरलं की जेल आणि रात्रीचा कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने हॅवलॉक, दुपारी डाइव्ह शॉपमध्ये जाऊन फॉर्म भरा, मास्क आणि फिन्स (पायात घालायची पोहण्याची वल्ही) जुळवून ठेवा आणि साडेतीनला राधानगर. तिसऱ्या दिवशी सकाळी स्कुबा, त्याच वेळी मैत्रिणीचा सी-वॉक किंवा नुसता आराम, अंधार पडल्यावर कयाक. चौथ्या दिवशी एलिफंट बीचची पायवाट. सर्टिफिकेटवाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाण्यात राहील, थिअरी झालेली असेल तर दुसऱ्या दुपारीच त्याची सुरुवात करा. पाचव्या दिवशी सकाळी नील, ओहोटी जुळली तर पूल, नाहीतर नीलच्याच भरतपूर किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यात डुंबणं, आणि दुपारच्या शेवटच्या फेरीच्या आधीच्या फेरीने पोर्ट ब्लेअर. सहाव्या दिवशी विमान दुपारचं असेल तर सकाळी रॉस.

काही बारीकसारीक. किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळ वाळूतल्या माशा चावतात, चावताना कळत नाही, रात्री खाज सुटते आणि खाजवलं की आठवडाभर पुरळ राहतं. पायांना खोबरेल तेलाचा जाड थर बऱ्यापैकी उपयोगी पडतो. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या, पाठ भाजत नाही आणि पाण्यात रसायनही कमी जातं. खाड्यांच्या तोंडाशी आणि खाजणाजवळ पोहू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे, २०१० साली हॅवलॉकला एका पर्यटकाचा जीव गेलाय. मगरीचा बोर्ड दिसला की तो वाचून पुढे पोहायला जाणारे बहाद्दर मला भेटतात, त्यांच्यात जाऊ नका. किनाऱ्यावर पडलेला शंख किंवा मेलेलं प्रवाळही बॅगेत भरू नका. विमानतळावर तपासणीत सापडतं आणि वन खात्याशी गाठ पडते.

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. २०२० मध्ये समुद्राखालून केबल आल्यापासून नेटवर्क सुधारलंय, तरी हॅवलॉक-नीलला यूपीआय ऐनवेळी लटकतं. बुकिंगचा क्रमही सांगतो, कारण एजंट उलटा करतात: आधी फेरीची तिकिटं, कारण जानेवारीत सोयीच्या वेळा आधी भरतात. मग डाइव्ह शॉपची तारीख, प्रत्येकाचं वजन, उंची आणि चष्म्याचा नंबर कळवून. हॉटेल सगळ्यात शेवटी. हॅवलॉकला तीन किंवा पाच नंबरच्या किनाऱ्याजवळ घेतलंत तर जेटी आणि बहुतेक डाइव्ह शॉप हाताशी राहतात. राधानगरला राहायचा मोह होईल, पण तिथून सकाळी सहाच्या बोटीला पोचायला भाड्याची स्कूटर लागते, आणि तुमच्यातल्या किती जणांना पहाटे स्कूटर काढायचा उत्साह असेल ते तुम्हीच जाणता.